बावीस छपरांचे दाखले

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी एका दुपारी बावीस घरांच्या छपरांचे दाखले लिहून दिले. ‘छप्पर स्वतः वर चढून तपासले’ असं प्रत्येक दाखल्यावर छापलेलं होतं आणि त्याखाली माझी सही होती. मी एकाही छपरावर चढलो नव्हतो. त्या दाखल्यांचं पुढे काय झालं ते लिहून ठेवावं असं बरीच वर्षं मनात होतं. नोकरीत असेपर्यंत हात धजावला नाही.

मी बीडचा. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांचं बाजारात हार्डवेअरचं लहानसं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, साखळदंड, दोर, पत्रे आणि पत्र्यांना लागणारे हूक. शाळेचा आणि पुढे डिप्लोमाचा अभ्यास मी त्या दुकानात बसून केला. कुठल्या पत्र्याला किती लांबीचा हूक लागतो, हुकाखाली डांबरी वायसर घातला नाही तर भोकातून पाणी कसं झिरपतं, हे मला कॉलेजात शिकावं लागलं नाही. म्हणूनच पुढे जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं मला कधी म्हणता आलं नाही.

कनिष्ठ अभियंता म्हणून मी एका तालुक्याच्या गावी रुजू झालो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. चौकात एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहत होते, गावोगावच्या माड्यांवर डिशच्या छत्र्या दिसायला लागल्या होत्या. कामं भराभर निघत होती आणि ती पुरी करायची घाई त्याहून मोठी होती. माझ्याकडे घरकुलांचं काम होतं. नांदूरघाटच्या रस्त्यानं बरंच पुढे गेलं की एका गावाबाहेर उघडा माळ लागायचा, तिथं बावीस घरं बांधून होत आली होती. विटांच्या भिंती, वर लोखंडी अँगल, अँगलवर पत्रे. झाड म्हणाल तर एक निंब, तोही माळाच्या पार टोकाला.

त्याच वर्षी वरून एक नवीन नमुना आला. समुद्राकाठच्या कुठल्याशा भागात वादळानं घरं पडली होती, त्यावरून तो तयार केलेला होता, पण छापताना सगळ्याच जिल्ह्यांसाठी छापला गेला. पत्र्याच्या प्रत्येक घराची वाऱ्याच्या दृष्टीनं तपासणी करायची, आणि तसा दाखला दिल्याशिवाय घर ताब्यात द्यायचं नाही, असा हुकूम होता. पहिल्याच पानावर एक रकाना होता: समुद्रकिनाऱ्यापासून अंतर. आमच्या कार्यालयात त्यावर आठवडाभर हसणं चाललं. एका लिपिकानं विचारलं, समुद्र नसेल तर बिंदुसरा नदीपासूनचं अंतर लिहू का, आणि लिहिलं तर कोरड्या पात्रापासून मोजायचं की पाण्यापासून. शेवटी त्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहायचं ठरलं. त्या एका रकान्यामुळे सगळा नमुनाच आपल्याला लागू नाही, असं आम्ही मनाशी धरून चाललो. खरं म्हणजे बाकीचे रकाने कुण्या शहाण्या माणसानं तयार केले होते. दर पत्र्याला हूक किती, प्रत्येक हुकाला वायसर आहे का, पत्रा भिंतीबाहेर किती आलेला आहे, अँगलला भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आहे का. दर पत्र्याला आठ हूक हवेत असं खाली स्पष्ट लिहिलेलं होतं.

माळावर छपराचं काम बीडकडचा एक म्हातारा मिस्तरी करत होता. कमी बोलणारा माणूस. पत्रे चढवायला सुरुवात झाली त्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की ठेकेदारानं हूक कमी पाठवलेत, दर पत्र्याला चारच बसतील, वर दोन आणि खाली दोन, मधला अँगल मोकळा राहील. मी ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या गाडीत येतायत, तोवर काम थांबवू नका. मी थांबवलं नाही. पुढची गाडी आली तिच्यात दारं होती, खिडक्या होत्या, हूक नव्हते. तोपर्यंत बावीसही छपरं चढली होती. मिस्तरी पुन्हा काही बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

मार्च संपत आला होता. घरं ताब्यात देण्याचा कार्यक्रम ठरला, पाहुणे येणार होते, मंडपाचे बांबू येऊन पडले होते. आदल्या दिवशी दुपारी मी दाखल्यांचा गठ्ठा घेऊन माळावर गेलो. ऊन इतकं होतं की पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. शिडी एकच होती आणि ती मंडपवाल्यानं नेली होती. मागवली असती तर आलीही असती. जीपवाला परतायची घाई करत होता. असल्या साध्यासुध्या कारणांनी मी वर चढलो नाही. कुणी दबाव आणला नाही, कुणी हातात काही ठेवलं नाही. पुढे चौकशीत मला हाच प्रश्न वारंवार विचारला गेला, आणि दरवेळी माझं हेच उत्तर ऐकून समोरच्याचा विश्वास बसत नसे.

सात नंबरच्या घराच्या पडवीत सावली होती म्हणून मी तिथं बसलो. ते घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईला मिळालं होतं. पस्तिशीची असेल. नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला होता. घरात ती आणि तिची सासू. बांधकाम चालू असताना भिंतींना पाणी मारायला ती रोज यायची, त्यामुळे मला चेहऱ्यानं ओळखत होती. शिलाई मशीन तिनं ताबा मिळायच्या आधीच आणून खिडकीखाली ठेवलं होतं. तिनं चहा केला. मी मांडीवर पॅड ठेवून एकेक दाखला भरत होतो. हूक आठ, वायसर आहेत, पट्टी आहे. ती दारात उभी राहून बघत होती. दहा-बारा दाखले झाल्यावर तिनं विचारलं, “साहेब, वर न्हाई का बघणार?”

“खालून दिसतंय सगळं, ताई.”

“खालून पत्रा दिसतो,” ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

अजून एक गोष्ट त्या दुपारी झाली. आपल्याकडे पत्र्यावर दगड ठेवायची रीत आहे. त्या माळावरही लोकांनी आपापल्या छपरावर मोठमोठे दगड चढवून ठेवले होते. पाहुण्यांना नव्या घरांवर दगड दिसायला नकोत म्हणून ते उतरवायला सांगितलं गेलं, आणि सांगणारा मीच होतो. दगडांची गरज काय, हूक आहेत, असं मी म्हणालो. लोकांनी ऐकलं. सरकारी माणूस सांगतोय म्हटल्यावर ते ऐकणारच होते. दगड प्रत्येकाच्या परसात रचून ठेवले गेले. मंडप पडला, हार झाले, भाषणं झाली, पाहुणे गेले.

वैशाखात एका दुपारी वारं सुटलं. मी कार्यालयात होतो. पश्चिमेकडून लाल धूळ उठली आणि चारच्या सुमारास दिवे लावावे लागले. समोरच्या चहाच्या टपरीचं छप्पर थडथड वाजायला लागलं. टपरीवाला दोन्ही हातांनी खांब धरून उभा राहिला. कुणीतरी खिडक्या लावून घेतल्या. पाऊस असा पडलाच नाही, चार टपोरे थेंब आले आणि गेले. नुसतं वारं. अर्धा तास असेल. त्या अर्ध्या तासात मी माळाचा विचार केला का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. केला होता. टपरीचं छप्पर वाजायला लागलं तेव्हापासून मी दुसरा कसलाच विचार करत नव्हतो.

फोन बंद पडले होते, रस्त्यात झाडं आडवी होती. सकाळी मोटारसायकलवरून निघालो आणि उन्हं वर आली तेव्हा माळावर पोहोचलो. अकरा घरांची छपरं गेली होती. भिंती जशाच्या तशा उभ्या, आत भांडी, अंथरुणं, देवांचे फोटो, सगळ्यावर लाल धुळीचा थर. पत्रे लांब शेतांत जाऊन पडले होते. एक म्हैस पत्रा लागून मेली होती, तिच्याभोवती चार-पाच माणसं उभी होती. मला कुणी काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सात नंबरच्या दारात सासू बसली होती. तिनं सांगितलं की सुनेचा हात कापला, जीपनं बीडच्या दवाखान्यात नेलं.

मी शेतात गेलो आणि पत्रे बघायला लागलो. हूक कुठं राहिले होते, कुठं उपटून गेले होते, पण भोकं जाणार कुठं? एका पत्र्याला चार भोकं. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला चार, त्यातलं एक फाटून लांब झालेलं. उन्हात उभा राहून मी तीसेक पत्रे मोजले. पाचवं भोक कुठंच नव्हतं.

दवाखान्यात ती कॉटवर बसलेली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं होतं की तळहातातल्या शिरा तुटल्यात, जखम भरेल, पण दोन बोटं वळणार नाहीत. मी तिच्यापुढे उभा राहिलो. तीच बोलायला लागली. छप्पर एका बाजूनं सुटलं आणि पत्रा खाली लोंबायला लागला, मशीनवर पडेल म्हणून तिनं त्याची कड धरली, तेवढ्यात वाऱ्यानं तो परत वर खेचला. एवढंच. तिनं हे सगळं शांतपणे सांगितलं, जशी एखाद्या गिऱ्हाइकाला कापड का कमी पडलं ते सांगत असावी. मग मान वर केली.

“त्या दिवशी तुमी एका तरी घरावर चढलतात का, साहेब?”

“न्हाई.”

“मला ठावं होतं. पन मला तुमच्या तोंडून पायजे होतं.”

त्यानंतर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी पिशवीतून आणलेली मोसंबी कॉटखाली ठेवली आणि निघालो. जिन्यावर बसून राहिलो बराच वेळ.

आमचे उपअभियंता वयानं माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. मला त्यांनी धाकट्या भावासारखं वागवलं होतं, हे मी आजही नाकारणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि मला समजावलं. पंचनाम्यात वाऱ्याचा वेग असाधारण होता असं येईल. दाखले पूर्ण आहेत, हूक आठ लिहिलेले आहेत, वायसर आहेत, पट्टी आहे. म्हणजे बांधकामात दोष नाही, दोष वाऱ्याचा. उडालेल्या घरांना नैसर्गिक आपत्तीतून मदत मिळेल, ठेकेदार सुटेल, कार्यालय सुटेल, मीही सुटेन. “तुझ्या त्या कागदांवर आज सगळे उभे आहेत,” ते म्हणाले. “काढून घेऊ नकोस.”

मी त्यांना भोकांचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले की पत्रे भंगारात जातील, कागद राहतात. अकरा घरांचं काय, जी उडाली नाहीत, असं मी विचारलं. त्यांच्याकडे दाखले आहेत, असं त्यांनी उत्तर दिलं. त्यांनी ते चिडून म्हटलं नाही. थकलेल्या माणसासारखं म्हटलं. विचार करायला त्यांनी मला चार दिवस दिले.

त्या रविवारी मी बीडला घरी गेलो. आप्पा अधूनमधून कपिलधारच्या देवस्थानाला जायचे, त्या दिवशी त्यांना मोटारसायकलवर घेऊन निघालो. उन्हाळ्यामुळे तिथला धबधबा म्हणजे कड्यावरून उतरलेली नुसती ओली रेघ होती. दर्शन झालं, आप्पांनी कपाळाला भस्म लावलं, मग आम्ही एका दगडावर सावलीत बसलो. मी सगळं सांगितलं. दुपारचं ऊन, जीपवाल्याची घाई, उतरवलेले दगड, तिचा हात, काहीच लपवलं नाही.

“भोकं किती होती?” आप्पांनी विचारलं.

“चार.”

“आन कागदावर?”

“आठ.”

ते वाकले. मग खालचं एक निंबाचं पान उचलून तळहातावर ठेवून म्हणाले, “वारं पत्र्याला ढकलत न्हाई, वर वढतं. खिडकीतून आत शिरतं, आतून बी फुगवतं. मधले हूक नसले की पत्रा पोटात फुगतो आन मंग टोकाचे हूक एकेक करून सुटतात.” आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “हे तुला ठावं हाय का न्हाई?”

“हाय.”

“मंग मला कावून इचारतो?”

मी म्हणालो की लिहून दिलं तर नोकरी जाऊ शकते. माझं नुकतंच लग्न झालेलं होतं, बायको तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत माझी वाट बघत होती, हेही बोललो. आप्पांनी मान हलवली. दुकान आहे, असं ते म्हणाले. दोघं बसू. मग उठता उठता त्यांनी एवढं जोडलं की दुकानात बसायचं असेल तर लिहून दिल्यावर बसायचं, आधी नाही. परत येताना ते मागे बसून माझ्या खांद्यावर हात ठेवून होते. एरवी ते सीटची कड धरून बसायचे.

मिस्तरी कुठं काम करतोय याचा शोध घ्यायला मला एक दिवस लागला. एका नव्या दुकानाच्या गाळ्यावर तो पत्रे चढवत होता. मला बघून खाली उतरला. मी काय लिहिणार आहे ते त्याला सांगितलं आणि विचारलं की हूक कमी आल्याचं त्यानं मला सांगितलं होतं हे मी लिहू का. लिहिलं तर त्या ठेकेदाराचं काम त्याला पुन्हा मिळणार नव्हतं, बहुधा दुसऱ्याही कुणाचं नाही. हात झटकून तो खाली बसला.

“लिवा,” तो म्हणाला. “मी तुमाला सांगितलं, तुमी ऐकलं न्हाई, ते तुमचं. मी दुसऱ्यांदा सांगितलं न्हाई, ते माझं. ते बी लिवा.”

सही येत नाही, अंगठा देतो म्हणाला. माझ्याकडे शाई नव्हती. शेजारच्या दुकानातून स्टँप पॅड मागून आणलं आणि त्यानं अंगठा उमटवला. मग बोट पत्र्याला पुसून परत वर चढला.

चौथ्या दिवशी मी दोन पानांचा अहवाल दिला. बावीस दाखले न तपासता दिले, हूक चार आहेत हे मला माहीत होतं, लोकांनी ठेवलेले दगड मी उतरवायला लावले, आणि न उडालेली अकरा घरंही तितकीच धोक्याची आहेत. उपअभियंत्यांनी तो वाचला आणि आवक रजिस्टरला नोंदवायला दिला. माझ्याशी त्यानंतर ते कामापुरतंच बोलत राहिले, बदली होईपर्यंत.

खरं लिहिलं म्हणजे सगळ्यांचं भलं झालं, असं झालं नाही. उडालेल्या घरांची मदत चौकशी संपेपर्यंत अडकून पडली. ती शेवटी मिळाली, पण तोवर लोकांनी ताडपत्र्या बांधून दिवस काढले, आणि ते माझ्या नावानं बोटं मोडत होते. न उडालेल्या अकरा घरांचे दाखले रद्द झाले आणि छपरं खोलून पुन्हा बसवायचा हुकूम निघाला, ठेकेदाराच्या खर्चानं. त्या कामाला मी गेलो तेव्हा पंधरा नंबरच्या घरातला म्हातारा दारात आडवा उभा राहिला. “आमचं उडालं न्हाई, मंग काढता कावून?” त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकून घेण्याइतका विश्वास त्याचा माझ्यावर राहिला नव्हता आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. छपरं उघडी असतानाच एक वळीव पडून गेला. तीन घरांतलं धान्य भिजलं. तेही माझ्याच खात्यावर गेलं.

ठेकेदारानं या वेळी दुसरे मिस्तरी आणले होते. पण तपासणीला वर चढायचं होतं मला. मी शिडी घेऊन गेलो होतो, स्वतःची, बीडहून एसटीच्या टपावर टाकून आणलेली. एका दिवसात तीन घरांपेक्षा जास्त होत नसत. सकाळी लवकर सुरू करायचं, अकरानंतर पत्र्यावर थांबवत नसे. तोच नमुना, तेच रकाने. हुकावर हातोडीनं हलकेच ठोकायचं, वायसर बघायचा, अँगलची पट्टी हलवून बघायची, मग खाली उतरून लिहायचं. पहिल्या दिवशी सतराव्या घराच्या दोन पट्ट्या हाताला सुटून आल्या. गिलाव्यात नुसत्या चिकटवलेल्या होत्या. त्या मी पहिल्या खेपेला खालूनही बघितल्या नव्हत्या.

सात नंबरचं छप्पर एकाच बाजूनं सुटलेलं, म्हणून या अकरांबरोबर तेही पुन्हा बसवायला घेतलं होतं. तिथं गेलो तेव्हा ती घरात नव्हती, दवाखान्यात पट्टी बदलायला गेली होती. सासू मात्र होती. नुसत्या माझ्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून शिडीपाशी येऊन उभी राहिली आणि मी वर ठोकायला लागलो तसं खालून मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. आठ झाले की थांबायची आणि म्हणायची, म्होरला. मी पुढच्या पत्र्यावर सरकायचो. घराला चौदा पत्रे होते. एका पत्र्यावर तिला सातच ऐकू आले, तिनं मला परत मागे जायला लावलं. आठवा होता, मीच हळू ठोकला होता. सगळं झाल्यावर मी खाली आलो, दाखला लिहिला, सही केली. तिनं तो दोन्ही हातांत धरून वरून खाली बघितला. वाचता तिला येत नव्हतं. मग पदराच्या गाठीत बांधून आत गेली. पाणी विचारलं नाही.

चौकशी वर्षभर चालली. दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि मला दुसऱ्या तालुक्यात पाठवलं. नोकरी राहिली. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते गिऱ्हाइकाला साखळी मोजून देत होते. बरं झालं, एवढंच म्हणाले, आणि दोन्ही हात पसरून साखळीचे वाव पुन्हा पहिल्यापासून मोजले. मिस्तरीला त्या भागात खरंच काम मिळेनासं झालं. आप्पांच्या ओळखीनं त्याला बीडमध्येच एका गोदामाचं काम लागलं, पुढे तो मुलाकडे परभणीला गेला. नंतर त्याचं काही कळलं नाही.

दुसऱ्या तालुक्यात माझी ओळख आधीच जाऊन पोहोचली होती. छपरावर चढणारा साहेब, असं ठेकेदार हसून म्हणायचे, आणि माझ्या भागातलं काम घ्यायला का-कू करायचे. बायकोला सुरुवातीला माझ्यासाठी भीती वाटायची. उंचीची नाही, लोकांची. नंतर तिला सवय झाली. संध्याकाळी घरी आलो की ती आधी माझे तळहात बघायची, पत्र्यानं कुठं कापलंय का, आणि हळद घेऊन यायची.

शिवणकाम करणारी ती बाई मला आणखी एकदाच भेटली. दीड-एक वर्षानं बीडच्या बसस्टँडवर. मी जिल्ह्याच्या बैठकीला आलो होतो, ती दवाखान्यातून परतत होती. तिनंच मला ओळखलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं सरळ ताठ राहिलेली होती. बाकी बोटांनी आणि डाव्या हातानं शिवते, असं म्हणाली. ब्लाउज जमत नाहीत, बारीक काम असतं ना. परकर, उशांचे अभ्रे, शाळेच्या पिशव्या जमतात. दोन बायकांना शिकवलंय, कापायचं ती सांगते, शिवतात त्या. मी माळाचं विचारलं. यंदाच्या वैशाखात पुन्हा लई वारं आलं होतं, ती म्हणाली. दोन पत्रे गेले.

कुणाचे, कसे, असं मी विचारलं. अकरा नंबरवाल्यानं गुरांचा गोठा केला, आणि गोठ्याला हूक कमी पडले म्हणून घराचे सहा काढून नेले, असं तिनं सांगितलं. कुणाला लागलं नाही. घरात होती ती पोरं तिनं आधीच आपल्याकडे बोलावून घेतली होती, कारण तो हूक काढताना तिनं बघितलं होतं.

“त्याला सांगितलं न्हाई का?” मी विचारलं.

“दोनदा सांगितलं,” ती म्हणाली.

केजची गाडी लागली. तिनं पिशवी खांद्याला अडकवली, डाव्या हातानं दांडा धरला आणि वर चढली. खिडकीशी जागा मिळाली तिला. गाडी निघेपर्यंत मी खाली उभा होतो. हात करावा की नाही ते कळेना. गाडी वळली तेव्हा ती शेजारणीशी काहीतरी बोलत होती.